वाट सांगणाऱ्याचं ऋण

इंदुराहून खंडव्याकडे निघालं की घाट उतरण्याआधी सिमरोल लागतं. तोच रस्ता पुढे बडवाहावरून नर्मदा ओलांडून ओंकारेश्वराला जातो. परंपरा सांगते की केरळातल्या कालडी गावाचा एक मुलगा गुरूच्या शोधात निघाला, या नर्मदाकाठी त्याला गोविंद भगवत्पाद भेटले आणि तो शंकराचार्य झाला. सिमरोलच्या पश्चिमेला जवळच महू आहे. तिथल्या लष्करी छावणीत १८९१ साली भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला आणि २२ व्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. आणि खुद्द सिमरोलला २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या आयआयटीचा परिसर आहे. विद्येसाठी घर सोडून जाणं या मातीला नवं नाही, हे या एका टापूवर नजर टाकली तरी कळतं. तरीही आज इंदूरच्या, पुण्याच्या किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस होऊन अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण, करायची म्हणते, तेव्हा घरात अभिमान आणि समाजात कुरबूर अशी दोन्ही एकदमच सुरू होतात. सरकारच्या पैशावर शिकलात आणि परक्यांच्या सेवेला निघालात, असं म्हटलं जातं. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. त्यामागे एक खरा धर्मप्रश्न आहे: विद्या घेतली की माणूस कुणाचा ऋणी होतो, आणि ते ऋण कशानं फिटतं?

हा प्रश्न आज नव्या रूपात समोर येतो, कारण अमेरिकेची वाट आता गुप्त राहिलेली नाही. परदेशी पदवीधराला प्रमाणपत्र देणारी ईसीएफएमजी, यूएसएमएलई ही परीक्षा चालवणाऱ्या संस्था आणि जागावाटप करणारी एनआरएमपी यांनी आपापले नियम, अभ्यासक्रमाचे आराखडे, नमुना प्रश्न आणि दरवर्षीचे निकाल इंटरनेटवर उघडे ठेवले आहेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'फ्रीडा' या सूचीत हजारो रेसिडेन्सी कार्यक्रमांची माहिती शोधता येते. 'पबमेड' १९९७ पासून जगभरासाठी मोफत आहे. 'अँकी' हे पाठांतराचं साधन २००६ पासून कुणीही संगणकावर फुकट वापरू शकतं. ज्यानं हे सगळं वापरलं, तो कुणाचं देणं लागतो? आणि ज्यानं ही वाट सगळ्यांसाठी उघडी करून ठेवली, त्यानं पुण्य केलं की देशातला डॉक्टर बाहेर जायला मदत केली? माझं म्हणणं असं आहे की विद्येचं ऋण देणाऱ्याच्या हातात परत ठेवून फिटत नाही, मागून येणाऱ्यासाठी वाट मोकळी ठेवून ते फिटतं. म्हणून 'गेला की राहिला' ही कसोटी अपुरी आहे. आपण ज्या दारातून आत गेलो ते दार मागच्यासाठी उघडं राहिलं का, ही खरी कसोटी आहे.

पण ही कसोटी लावण्याआधी एक गुंता सोडवायला हवा. आपल्या चर्चेत तीन वेगळी देणी एकाच पोत्यात भरली जातात: पैशाचं कर्ज, दिलेला शब्द आणि विद्येचं ऋण. आपल्या जुन्या विचारवंतांनी मात्र ती वेगळी ठेवली होती. धर्मशास्त्रकारांनी राजाच्या न्यायसभेपुढे येणाऱ्या १८ प्रकारच्या तंट्यांत पहिलं स्थान ऋणादानाला दिलं. तिथे सावकार आहे, कूळ आहे, साक्षीदार आहेत, व्याजाचा दर आहे. तैत्तिरीय संहितेतली तीन ऋणं याहून वेगळ्या जातीची आहेत. जन्मतःच ब्राह्मण ऋषींचा, देवांचा आणि पितरांचा देणेकरी असतो, असं तिथे म्हटलं आहे. पितरांचं ऋण पितरांना काही परत देऊन फिटत नाही, पुढची पिढी घडवून फिटतं. ऋषींचं ऋण ब्रह्मचर्यानं, म्हणजे अध्ययनाच्या व्रतानं फिटतं. शतपथ ब्राह्मणानं त्यात माणसांचं ऋण हे चौथं जोडलं आणि ते आल्यागेल्याला अन्न आणि आसरा देऊन फेडायला सांगितलं. या मांडणीतली सूक्ष्मता डोळ्यांत भरते. घेणं मागच्याकडून आहे आणि देणं पुढच्याला आहे. तैत्तिरीय उपनिषदानं स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे स्वतः शिकणं आणि दुसऱ्याला शिकवणं, हे जोडीनं सांगितलं आहे, ते याचसाठी.

आता वैद्यकीय पदवीधराची तीन देणी वेगवेगळी पाहू. पहिलं देणं पैशाचं. महाराष्ट्रात शासकीय जागेवर एमबीबीएस केलेल्यानं एक वर्ष सेवा द्यायची, असा बॉण्ड आहे. सेवेऐवजी १० लाख रुपये भरण्याची सोय त्यात बरीच वर्षं होती. मध्य प्रदेशातही ग्रामीण सेवेचा बॉण्ड असतो. हे देणं अक्षरशः फेडायचं असतं, त्यात तत्त्वज्ञानाची पळवाट शोधू नये. अशी सोय असेल तिथे कायद्याच्या दृष्टीनं पैसे भरून सुटका होते हे खरं. पण बॉण्डचा हेतू तिजोरी भरण्याचा नाही, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर डॉक्टर असावा हा आहे. म्हणून ज्याच्या घरी तेवढे पैसे सहज निघतात त्यानं ते भरले की त्याचं कर्ज फिटतं, ऋण शिल्लक राहतं. दुसरं देणं शब्दाचं. अमेरिकेत जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी करायची असेल तर आपल्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' लागतं. प्रशिक्षण संपल्यावर आपण देशात परत येऊ अशी लेखी हमी अर्जदारानं दिली आहे, हे त्यात नमूद असतं. पुढे अमेरिकेचा कायदा १९९४ पासूनच्या 'कॉनराड' तरतुदीखाली डॉक्टरांची वानवा असलेल्या तिथल्याच भागात काम करण्याच्या अटीवर या परतण्यातून सूट देऊ शकतो. सूट कायदेशीर आहे. पण सही करतानाच मनात परतण्याचा विचार नसेल तर ते असत्य आहे, आणि पुढच्या कुठल्याही सवलतीनं ते सत्य होत नाही. एच-वन-बी व्हिसाला अशी हमी लागत नाही. त्यासाठी यूएसएमएलईचा शेवटचा टप्पा, स्टेप थ्री, आधी द्यावा लागतो आणि तो देणारे कार्यक्रम कमी असतात, म्हणून ती वाट अवघड आहे. ज्याला परतायचं नाही त्यानं अवघड वाट धरावी. ही दोन देणी अशी चोख चुकती केल्यावर तिसरं उरतं ते विद्येचं, आणि ते कुठल्याच कार्यालयात भरता येत नाही.

विद्येचं ऋण हिशेबाच्या वहीत बसत नाही याचा आपल्याकडचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे आनंदीबाई जोशी. १८६५ साली कल्याणला जन्मलेली ही मुलगी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. तिला ही वाट कशी सापडली ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. तिचे पती गोपाळराव जोशी यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं त्यात धर्मांतराची सूचना होती, म्हणजे वाट होती पण तिच्या तोंडाशी अट उभी होती. वाइल्डरनं तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. त्या मासिकाचा एक अंक न्यू जर्सीतल्या एका दंतवैद्याकडे पडला होता. रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई तिथे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांनी तो चाळला, आणि त्यांनी या अनोळखी कुटुंबाला मदतीचं पत्र पाठवलं. पुढे आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. म्हणजे मराठी स्त्रीच्या पहिल्या वैद्यकीय पदवीची वाट एका दवाखान्यातल्या बाकावर पडलेल्या मासिकातून गेली. त्या दिवशी कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे गेल्या नसत्या, किंवा तो अंक कुणी उचलून नेला असता, तर काय झालं असतं याचा विचार केला की वाट माहीत असणं म्हणजे काय ते कळतं.

आनंदीबाई परत आल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झालेली होती. पण क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन त्या १८८६ च्या अखेरीस मायदेशी पोचल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांना एकही रुग्ण तपासता आला नाही. 'परतले ते ऋणमुक्त, न परतले ते ऋणको' हा हिशेब इथे मोडून पडतो. परत येऊनही सेवेचा आकडा शून्य, आणि तरी त्यांनी काही फेडलं नाही असं म्हणायची कुणाची जीभ रेटणार नाही. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे सांगितलं, आणि हिंदू स्त्री डॉक्टर होऊ शकते ही गोष्ट शक्यतेच्या कोटीतून घडलेल्याच्या कोटीत आणली. त्यांच्यामागून रखमाबाई लंडनला शिकल्या आणि सुरतेत, राजकोटात त्यांनी अनेक वर्षं रुग्ण पाहिले. आनंदीबाईंनी मागे ठेवलेली गोष्ट म्हणजे वाट.

महूच्या आंबेडकरांचं उदाहरण दुसऱ्या बाजूनं तेच सांगतं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेला गेले, आणि शिक्षणानंतर १० वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करायची असा करार होता. हा आजच्या बॉण्डचा पूर्वजच. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्याला गेले. नगरात त्यांना अस्पृश्य म्हणून कुणी राहायला जागा दिली नाही, पारशांच्या धर्मशाळेतूनही बाहेर पडावं लागलं, आणि काही दिवसांतच चाकरी सोडून ते मुंबईला परतले. इथे करार अपुरा राहिला, पण तो ऋणकोनं मोडला असं म्हणता येईल का? घेणेकऱ्यानंच दार बंद केलं तर देणं कुठे नेऊन द्यायचं? आजही तरुण डॉक्टर सेवेला तयार असताना पद भरलं जात नाही, राहायला घर नसतं, रात्रपाळीत सुरक्षितता नसते, तेव्हा ऋणाचा प्रश्न एकट्या डॉक्टरला विचारून चालत नाही, तो समाजालाही विचारावा लागतो. आणि आंबेडकरांनी विद्येचं देणं कसं चुकवलं? १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पुढच्याच वर्षी मुंबईचं सिद्धार्थ महाविद्यालय, नंतर औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय. ज्यांना पूर्वी दारच नव्हतं त्यांना त्यांनी दार करून दिलं.

मात्र ऋषिऋण हा शब्द आंबेडकरांच्या नावाशेजारी ठेवताना लेखणी अडखळायला हवी. शतपथ ब्राह्मणानं वेद शिकलेल्याला ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हटलं, पण इतिहासात या राखणदारानं ठेव्याला कुलूप लावलं आणि बहुसंख्य माणसांना, सगळ्या स्त्रियांना बाहेर ठेवलं. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली ती या कुलपापायी. म्हणून परंपरेनं दिलेला हा विचार घ्यायचा तर तिनं केलेल्या पापासकट तपासून घ्यायला हवा. ऋण पुढच्याला देऊन फिटतं हे खरं असेल, तर पुढचा कोण हे निवडण्याचा हक्क देणाऱ्याला नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली आणि फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी राखणदाराच्या हातातली किल्ली काढून घेतली. मला वाटतं, विद्येचं ऋण या कल्पनेचा खरा अर्थ तिच्या ग्रंथांपेक्षा तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या या माणसांनी अधिक नेमका सांगितला.

या उजेडात इंटरनेटवरच्या मोफत साधनांकडे पाहिलं की त्यांचं मोल नीट दिसतं. अमेरिकेची वाट आधीही होती, पण ती नात्यागोत्यातून जात होती. ज्याचा मामा न्यू जर्सीत डॉक्टर आहे त्याला माहीत असायचं की अर्ज सप्टेंबरात जायला हवा, मुलाखती थंडीत होतात, मार्चात निकाल लागतो, शिफारसपत्रं तिथल्या रुग्णालयातली असली तर वजन पडतं. ज्याचा मामा खरगोनला शेती करतो त्याला हे सल्लागाराच्या दारात पैसे मोजून विकत घ्यावं लागायचं, किंवा कळायचंच नाही. एक बारीकसं उदाहरण घेऊ. 'मॅच'मध्ये उमेदवार आपल्या पसंतीच्या कार्यक्रमांची क्रमवार यादी देतो, रुग्णालयंही त्यांची यादी देतात, आणि संगणक जोड्या लावतो. ही पद्धत १९५२ पासून चालू आहे. तिच्यामागचं गणित गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलं, आणि शॅप्ली व अल्विन रॉथ यांना या विषयातल्या कामासाठी २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रॉथ यांनी १९९० च्या दशकात सुधारलेल्या या पद्धतीत उमेदवाराचं हित खरं बोलण्यातच असतं. जे सर्वांत आवडतं तेच वर लिहावं. 'ते मोठं रुग्णालय मला घेणार नाही, मग त्याला वर टाकून जागा कशाला घालवू' या भीतीनं क्रम बदलला तर फायदा काहीच होत नाही, तोटा मात्र होऊ शकतो, कारण वरची पसंती हुकली म्हणून खालच्या पसंतीचं नुकसान होत नाही. हे एवढं एक वाक्य ज्याला माहीत नाही तो भीतीपोटी खोटी यादी लिहितो. एनआरएमपीनं ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवलं आहे. त्याच संस्थेच्या दरवर्षीच्या आकडेवारीत हेही दिसतं की अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी अलीकडे शंभरातल्या साठांहून थोड्या कमी जणांनाच जागा मिळते. प्रत्येक परीक्षेचं शुल्क हजार डॉलरच्या आसपास असताना शेतकऱ्याच्या घरातल्या मुलानं कर्ज काढण्याआधी हा आकडा पाहिलेला असणं ही दयेची नव्हे, न्यायाची गोष्ट आहे. उघडी माहिती स्वप्न दाखवते तशी धोकाही दाखवते, आणि दुसरं काम पहिल्याहून मोठं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे. वाट सोपी केली की जाणारे वाढतात, आणि निमाडातल्या किंवा मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात खुर्ची रिकामी राहते. अमेरिकेतला रुग्ण हाही माणूसच हे मान्य, पण जवळच्याचा हक्क आधी नाही का? आहे. ज्या समाजानं वाढवलं त्याच्याविषयी खास कर्तव्य असतं, आणि सगळी माणसं सारखी असं म्हणून ते उडवून लावता येत नाही. पण हे कर्तव्य माहिती दडवून पार पाडता येईल का, हा प्रश्न आहे. देशात आता एमबीबीएसच्या एक लाखाहून अधिक जागा आहेत. नीट-पीजीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसतात आणि पदव्युत्तर जागा त्याच्या निम्म्याहून कमी आहेत. जो अमेरिकेला गेला नाही तो मेळघाटात गेला असं होत नाही. बहुतेकदा तो शहरातल्या खोलीत बसून तिसऱ्यांदा प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत असतो. शासनाचीही भूमिका पाहावी. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं २०२३ मध्ये डब्ल्यूएफएमई या जागतिक संस्थेची १० वर्षांची मान्यता मिळवली, आणि आपल्या पदवीधरांना अमेरिका, कॅनडासारख्या देशांत पुढचं शिक्षण घेता येईल हे तिचं फळ म्हणून जाहीर केलं. दार शासनानंच उघडं ठेवलं आहे. मग त्या दारापर्यंतचा रस्ता ज्यांच्याकडे पैसा आणि नातेवाईक आहेत त्यांनाच माहीत असावा, असं म्हणण्यानं गावाला डॉक्टर मिळत नाही, गावातल्या मुलाची संधी तेवढी जाते. आरोग्य केंद्रातली खुर्ची भरायची तर ती बॉण्डची प्रामाणिक अंमलबजावणी, वेळेवर पगार, राहण्याजोगं घर आणि पुरेशा पदव्युत्तर जागा यांनी भरेल. अज्ञानाची भिंत बांधून माणसं राखली तर ती राखलेली राहतात, आपली होत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की याला विद्यादान म्हणणं भाबडेपणाचं आहे. मोफत साधनांच्या शेजारीच महागड्या क्वेश्चन बँका आहेत, अनेकांना नाव हवं असतं, गिऱ्हाईक हवं असतं. हे खरं आहे. पण देणाऱ्याच्या मनात काय आहे हे दानाच्या शुद्धतेचं माप असलं तरी घेणाऱ्याच्या गरजेचं माप नाही. विहीर बांधणाऱ्यानं आपलं नाव शिळेवर कोरलं म्हणून पाणी खारं होत नाही. शिकवण्याचं मोल घेण्यातही अधर्म नाही, गुरुदक्षिणा आपल्याला परकी नाही. अधर्म वेगळ्या ठिकाणी सुरू होतो, आणि तिथे रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. परीक्षेतले प्रश्न लक्षात ठेवून बाहेर येऊन वाटणं, ज्याला मुलं 'रिकॉल' म्हणतात, तेही 'मदत' या नावानंच चालतं. २०२४ च्या जानेवारीत यूएसएमएलईनं नेपाळशी संबंधित काही परीक्षार्थींचे निकाल, प्रश्न आधीच पोचल्याच्या संशयावरून रद्द ठरवले, तेव्हा प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांवरही सावली पडली. वाटणं चांगलं तर हे वाटणं वाईट का? कसोटी जुनीच आहे. विद्या दिल्यानं देणाऱ्याकडची कमी होत नाही आणि घेणाऱ्याकडची वाढते. हृदयविकाराच्या झटक्यात ईसीजी कसा वाचायचा हे एकानं हजारांना शिकवलं तर हजार डॉक्टर सुधारतात. फुटलेला प्रश्न मात्र जितक्यांना दिला तितका नासतो. तो घेणारा काही शिकत नाही, आणि परीक्षेनं ज्या रुग्णाचं रक्षण करायचं त्याचं रक्षण तेवढं कमी होतं. दिल्यानं जे वाढतं ते दान, दिल्यानं जे नासतं ती चोरी. अस्तेयाचं व्रत पडद्यासमोर बसलेल्यालाही लागू आहे.

तिसरा आक्षेप परंपरेकडून येतो आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. गुरूवाचून विद्या नाही असं आपण म्हणत आलो, मग पडद्यावरून घेतलेलं हे ज्ञान खरं का? इथे रेसिडेन्सी या शब्दाकडेच पाहावं. १८८९ मध्ये उघडलेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लर यांनी पदवीधर डॉक्टरांना रुग्णालयातच राहून शिकायला लावलं, म्हणून ते 'रेसिडेंट' झाले. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्याला अंतेवासी म्हणतात, जवळ राहणारा. दोन्ही शब्दांत एकच अनुभव आहे: काही विद्या अशी असते की ती सहवासानंच उतरते. पोटावर हात ठेवल्यावर तो किती दाबायचा, मरणाची बातमी देताना कुठे थांबायचं, पहाटे चारला थकलेलं असताना कुठली शंका दुर्लक्षू नये, हे अँकीच्या कार्डावर लिहिता येत नाही. अँकी काय करतं? एक प्रश्न दाखवतं, उत्तर आठवलं की नाही विचारतं, आठवलं तर तेच कार्ड चार दिवसांनी, मग दहा, मग महिन्यानं पुढे आणतं, विसरलं तर पुन्हा आरंभापासून. वेदपाठ्यांच्या पद, क्रम, जटा, घन या पाठांमागचीही निष्ठा हीच होती की आवर्तनाशिवाय स्मृती टिकत नाही. साधन म्हणून ते उत्तम आहे. पण पाठशाळेतलं पाठांतर आणि गुरुगृहातला वास यांत जो फरक, तो इथेही आहे. मोफत साधनं विद्यार्थ्याला गुरूच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतात. उंबरठ्याच्या आत काय घडायचं ते माणसामाणसांतच घडतं. एकलव्याच्या कथेतला अन्याय हा की ज्याला उंबरठ्यावरून हाकललं त्याच्याचकडून अंगठा मागितला. वाट उघडी ठेवणारा किमान हा अन्याय करत नाही.

आता कसोटी पुन्हा हातात घेऊ. जो गेला, त्यानं बॉण्ड पाळला का, हमी देताना खरं लिहिलं का, आणि मागच्यासाठी काय ठेवलं? जो राहिला, त्यालाही तिसरा प्रश्न चुकत नाही. आयआयटींनी मिळून २००३ साली एनपीटीईएल सुरू केलं आणि आपल्या वर्गातली व्याख्यानं साऱ्या देशासाठी उघडी केली. सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या विद्येला आपलं ऋण असंही फेडता येतं हे त्यातून दिसलं. पण वैद्यकाची वाट अजून बहुतांशी इंग्रजीतच लिहिलेली आहे. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत आणली. त्या प्रयोगाच्या गुणदोषांवर वाद होऊ शकतो, त्यामागची जाणीव मात्र खरी आहे. परीक्षा इंग्रजीतच द्यायची असली तरी परीक्षेला बसावं की नाही, खर्च किती, यशाची शक्यता किती, व्हिसाच्या कागदावर आपण कसली हमी देतो, हा निर्णय मराठी घरांत मराठीतच होतो, आणि त्यात आई-वडील, आजी, काका सगळे असतात. त्यांच्या हाती त्यांच्या भाषेतला एक भरवशाचा कागद देणं हे शिकागोत राहणाऱ्या किंवा सोलापुरात राहिलेल्या मराठी डॉक्टरला सारखंच शक्य आहे. सुट्टीच्या एका दुपारी जे लिहिता येईल, ते न लिहिणं हे माझ्या मते न फेडलेलं ऋण आहे.

आनंदीबाईंना वाट सापडायला एका अनोळखी बाईची दंतवैद्याकडची फेरी लागली. आंबेडकरांना एका दूरदृष्टीच्या राजाची मर्जी लागली. त्या दोघांच्या थोरवीत हा योगायोगाचा भाग मिसळला म्हणून आपण तो विसरतो, आणि ज्यांच्या वाटेत तसा अंक पडला नाही, तसा राजा आला नाही, त्या अगणितांची नावं तर आपल्याला ठाऊकही नाहीत. माझ्या मते विद्येचं ऋण अखेर त्या नाव नसलेल्यांचं आहे. सिमरोलच्या एखाद्या घरातली मुलगी उद्या डॉक्टर होऊन बाल्टिमोरला जाईल, की बडवाहाच्या सरकारी दवाखान्यात बसेल, हे तिनं ठरवायचं. तिला ते डोळे उघडे ठेवून ठरवता यावं, त्यासाठी कुणाच्या मर्जीची किंवा योगायोगाची वाट पाहावी लागू नये, एवढं मात्र तिच्याआधी त्या वाटेनं गेलेल्या प्रत्येकाकडे तिचं घेणं आहे.